पाठीलाही वळू द्या

मैत्रिणींनो, गेल्या वर्षीच्या श्रावणातली गोष्ट. शेजारच्या सुनेची मंगळागौर होती. मुलींनी पिंग्यासाठी मला ओढलं. मीही पदर खोचून उभी राहिले आणि पहिल्याच वळणाला पाठीच्या मध्यावर अशी काही उसण भरली की खाली बसले ती बसलेच! "काकू, वय झालं हो तुमचं," म्हणत मुली हसल्या. मीही हसले, पण मनातून हिरमुसलेच.

दोन दिवस बाम झाला, गरम पाण्याची पिशवी झाली. शेवटी तालुक्याच्या फिजिओथेरपिस्ट बाईंकडे गेले. त्यांनी आधी एकच प्रश्न विचारला, "दिवसभरात तुम्ही मागे कधी वळता?" मी विचारात पडले. भाजी निवडणं, पोळ्या लाटणं, केर काढणं, बचत गटाचं रजिस्टर लिहिणं आणि रात्री मोबाइल. सगळं पुढे वाकूनच! 'घरकाम म्हणजेच व्यायाम' हा माझा लाडका समज तिथेच गळून पडला. काम भरपूर होतं, पण एकाच दिशेनं.

बाईंनी समजावून सांगितलं. आपल्या कण्यात मानेचे 7, पाठीचे 12 आणि कमरेचे 5 मणके असतात. पाठीच्या या 12 मणक्यांना बरगड्या जोडलेल्या असतात. डावी-उजवीकडे वळताना कमरेपेक्षा हाच भाग जास्त वळतो. तो आखडला की त्याच्या वाटचं काम मान आणि कंबर करू लागतात आणि मग त्याही कुरकुरतात. बरगड्या नीट फुलत नाहीत, म्हणून श्वासही वरवरचा होतो.

त्यांनी शिकवलेले चार प्रकार मी रोज करते. जेमतेम दहा मिनिटं लागतात.

1. खुर्चीत वळणं : पावलं जमिनीला टेकवून ताठ बसा. हातांची छातीवर फुली करा. श्वास सोडत हळूहळू उजवीकडे वळा, दोन श्वास थांबा, समोर या. मग डावीकडे. कंबर जागची हलू देऊ नका. दोन्हीकडे 5 वेळा.

2. मांजरीची पाठ : सतरंजीवर रांगत्या बाळासारख्या व्हा. श्वास घेत छाती पुढे, नजर समोर. श्वास सोडत पाठ कमानीसारखी वर, हनुवटी छातीकडे. असं 6 ते 8 वेळा. गुडघे दुखत असतील तर ओट्यावर हात टेकून उभ्यानं करा.

3. पुस्तक उघडणं : डाव्या कुशीवर झोपा, डोक्याखाली उशी, गुडघे दुमडलेले. दोन्ही हात समोर, तळव्यावर तळवा. वरचा हात पान उलटावं तसा मागे न्या, नजर हाताबरोबर जाऊ द्या. 5 वेळा झालं की कूस बदला.

4. टॉवेलची गुंडाळी : पातळ टॉवेल गुंडाळून खांद्याच्या पात्यांखाली आडवा ठेवा आणि उताण्या पडा. डोक्याखाली उशी, गुडघे दुमडलेले, हात पसरलेले. मिनिटभर शांत श्वास घ्या.

नियम एकच. ताण जाणवला तर चालेल, दुखता कामा नये. झटका तर मुळीच नको.

आता माझी एक चूक सांगते. बरं वाटल्यावर उत्साहाच्या भरात मी गटात सगळ्यांनाच हे व्यायाम शिकवले. एकीची पाठ रात्री झोपेतही दुखायची. संध्याकाळी अंगात कसकस असायची, वजनही उतरलं होतं. पण "कामानं होतंय गं," असं ती म्हणाली आणि मीही मान डोलावली. पुढे तपासणीत मणक्याचा क्षयरोग निघाला. सरकारी दवाखान्यात तिला मोफत औषधं मिळाली, तिनं ती नेमानं पूर्ण केली आणि आज ती बरी आहे. पण महिनाभर उशीर झाला, त्यात माझाही वाटा होता. तेव्हापासून मी आधी विचारते, मगच शिकवते.

म्हणून ताप असेल, वजन घटत असेल, विश्रांतीतही दुखत असेल, पायात बळ नसेल किंवा लघवीवर ताबा राहत नसेल तर आधी डॉक्टर. पाठीबरोबर छातीत दाब, घाम, धाप असेल तर क्षणभरही थांबू नका. पडून मार लागला असेल, हाडं ठिसूळ झाली असतील, शस्त्रक्रिया झाली असेल किंवा दिवस गेले असतील तर विचारल्याशिवाय काही करू नका. "घरच्यांचं आवरू दे, मग बघू" हे वाक्य मात्र कायमचं विसरा.

यंदाच्या मंगळागौरीला मी पुन्हा पिंग्याला उभी राहिले. चार फेऱ्या झाल्या. पाचवीला मुली दमल्या असं लिहायला आवडलं असतं, पण खोटं कशाला बोलू, दमले मीच. पाठीनं मात्र हूं की चूं केलं नाही!