रस्ता तोच, नंबर नवा: केंटकीचा पार्कवे आय-१६५ झाला, तेव्हा काय काय बदललं?

मॅप उघडून आपण गाडी सुरू करतो. स्क्रीनवर रस्त्याच्या रेघेवर छोट्या चौकटीत एक नंबर असतो. ४८, ६०, ६६ असा काहीतरी. आपण त्याच्याकडे फारसं बघत नाही, कारण निळी रेघ आहे ना सोबत! मीही बघत नव्हते. पण २०१९ मध्ये एका रात्रपाळीत या नंबरनं मला चांगलाच धडा शिकवला.

तेव्हा मी पुण्यात पहिल्याच नोकरीत होते. आमचं सॉफ्टवेअर अमेरिकेतल्या ट्रकवाल्यांसाठी होतं. रस्त्यात गाडी बंद पडली की ड्रायव्हर फोन करायचा आणि फोन घेणारी व्यक्ती आमच्या फॉर्ममध्ये रस्ता आणि मैलाचा आकडा भरायची. मग सर्वात जवळची मदतीची गाडी निघायची. सोपं काम.

त्या रात्री (तिकडे दुपार होती) केंटकी राज्यात एका ट्रकचं टायर फुटलं. ड्रायव्हरनं सांगितलं, "आय-१६५, चाळिसावा मैल." फोनवरच्या मुलीनं यादीत १६५ शोधला. सापडला नाही. आय-६५ मात्र होता. तिला वाटलं, आपल्याच ऐकण्यात काहीतरी चूक झाली. तिनं तो निवडला आणि मदतीची गाडी आय-६५ च्या चाळिसाव्या मैलावर जाऊन पोचली. तिथं कोणीच नव्हतं. ट्रक दुसऱ्याच रस्त्याच्या चाळिसाव्या मैलावर, दोन तास कडेला उभा होता. बाजूनं गाड्या सुसाट जात होत्या. नशिबानं कुणाला काही झालं नाही.

चूक त्या मुलीची नव्हती, आमच्या यादीची होती. तो रस्ता आमच्याकडे 'विल्यम एच. नॅचर पार्कवे' या जुन्या नावानं बसला होता. नवा नंबर आम्ही घातलाच नव्हता. दुरुस्ती करायला मला दहा मिनिटं लागली. पण एका जुन्या रस्त्याला अचानक नवा नंबर का मिळतो, हे समजून घ्यायला बरेच दिवस गेले. आजच्या लेखात तेच पाहू.

पार्कवे म्हणजे नक्की काय?

केंटकीनं साधारण १९६० आणि ७० च्या दशकांत स्वतःचे नऊ मोठे रस्ते बांधले. त्यांना पार्कवे म्हणतात. पैसा कर्जरोख्यांतून उभा केला आणि टोलमधून फेडला. कर्ज फिटलं की त्या रस्त्यावरचा टोल बंद. शेवटचे टोलनाके २००६ मध्ये बंद झाले. (हो, फिटलं की खरंच बंद!)

हे रस्ते दिसायला हायवेसारखेच. दोन्ही दिशांना दोन-दोन लेन, मध्ये दुभाजक. मग त्यांना थेट इंटरस्टेटचा नंबर का देता येत नव्हता? यातलं एक कारण फार मजेशीर आहे, ते म्हणजे टोलनाक्यांची जागा.

प्रत्येक चढउतारावर वेगळा नाका ठेवणं महाग पडतं. म्हणून बऱ्याच ठिकाणी चढणाऱ्या आणि उतरणाऱ्या गाड्यांना गोल वळसा घालून मुख्य रस्त्यावरच्या नाक्यापाशीच आणायचे. एकाच नाक्यावर सगळ्यांची वसुली. सगळ्या गाड्या तिथं थांबतच होत्या, तोवर त्या घट्ट वळशांचा त्रास नव्हता. टोल गेला, गाड्या थांबायच्या बंद झाल्या, पण वळसे तसेच राहिले. आता भरधाव वाहतुकीत शिरायला जेमतेम जागा उरली. कोडमध्ये जुनं फीचर काढून टाकावं आणि त्याच्यासाठी लिहिलेला विचित्र लॉजिक मात्र तसाच राहावा, अगदी तसं.

इंटरस्टेट: नंबरामागची अट

अमेरिकेत १९५६ मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी कायद्यावर सही केली आणि इंटरस्टेट हायवेंचं जाळं मोठ्या प्रमाणावर उभं राहू लागलं. या रस्त्यांसाठी देशभर एकच नियमावली आहे. तिच्यातले मुख्य मुद्दे असे:

- प्रत्येक दिशेला किमान दोन लेन, प्रत्येक लेन १२ फूट रुंद.
- बाहेरच्या बाजूला साधारण १० फुटांची पक्की कडपट्टी, म्हणजे बंद पडलेली गाडी उभी राहू शकेल.
- ग्रामीण भागात पुलाखाली किमान १६ फूट मोकळी उंची.
- सिग्नल नाही, रेल्वे फाटक नाही, आडवा येणारा रस्ता नाही. चढायचं-उतरायचं फक्त ठरलेल्या ठिकाणी, रॅम्पवरून.

शेवटची अट सर्वात महत्त्वाची. आपला मुंबई-पुणे एक्सप्रेसवे आठवा. तिथं मध्येच शेतातून ट्रॅक्टर येत नाही की कोणी टपरीसमोर वळत नाही. तसंच.

म्हणजे निळ्या-लाल ढालीवर 'आय' लिहिलेलं दिसलं की ड्रायव्हरला एक वचन मिळतं: पुढचा रस्ता असा असा असेल. अपवाद आहेत. पेन्सिल्व्हेनियातल्या ब्रीझवुड गावात आय-७० वर कित्येक दशकं चक्क सिग्नल लागत आलेत आणि रस्त्यांची आवड असलेली मंडळी त्याची अजून थट्टा करतात. पण ते अपवाद म्हणूनच प्रसिद्ध आहेत.

नंबर हवा असेल, तर आधी रस्ता त्या पातळीला आणावा लागतो: वळसे तोडून नवे रॅम्प, लांब मर्ज लेन, रुंद कडा, सुधारलेले कठडे. जिथं काम बाकी आहे, तिथं 'भावी आय-६९ मार्ग' अशा अर्थाच्या पाट्या लावतात. आपल्या भाषेत सांगायचं तर बीटा व्हर्जन.

आणि याची किंमत फक्त पैशांत मोजता येत नाही. शेजारच्या इंडियाना राज्यात राज्य मार्ग ३७ चा आय-६९ करताना मार्टिन्सव्हिल गावातला रस्ता २०२१ मध्ये जवळजवळ वर्षभर पूर्ण बंद ठेवला होता. सिग्नलचे चौक गेले, त्या जागी पूल आणि रॅम्प आले. लांबच्या प्रवाशाची वेळ वाचली. पण ज्यांच्या दारातून थेट हायवेला लागता यायचं, त्यांना आता वळसा घालून पुढच्या रॅम्पपर्यंत जावं लागतं.

मग १६५ हाच नंबर का?

दोन आकडी मुख्य इंटरस्टेटचा नियम सोपा आहे. उत्तर-दक्षिण जाणारे विषम, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाढत जाणारे: पॅसिफिक किनाऱ्याकडे आय-५, अटलांटिककडे आय-९५. पूर्व-पश्चिम जाणारे सम, दक्षिणेकडून उत्तरेकडे वाढणारे: खाली आय-१०, वर आय-९०.

तीन आकडी नंबर म्हणजे शाखा. शेवटचे दोन आकडे मूळ रस्ता सांगतात. पहिला आकडा सहसा सम असेल तर शहराभोवतीचा वळसा, विषम असेल तर फाटा. इंडियानापोलिसला वेढा घालणारा रस्ता आय-४६५. आणि बोलिंग ग्रीनजवळ आय-६५ ला फुटून ओवेन्सबरोकडे जाणारा सुमारे ७० मैलांचा नॅचर पार्कवे झाला आय-१६५.

म्हणजे त्या रात्री ज्या दोन नंबरांत गोंधळ झाला, ते मुळातच बाप-लेक होते. सारखे वाटणारच! नियम हुशार आहे, पण फोनवर घाईत बोलणाऱ्या माणसाला तो मदत करेलच असं नाही.

राज्यानं मागितला आणि मिळाला, असंही होत नाही. रस्ता इंटरस्टेट जाळ्यात घ्यायचा की नाही, हे केंद्राचं महामार्ग प्रशासन बघतं. नंबरासाठी राज्यांच्या परिवहन खात्यांच्या संघटनेच्या समितीकडे अर्ज करावा लागतो.

पाटी बदलली की काय काय हलतं?

पहिली गोष्ट, एक्झिटचे नंबर. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी ते मैलावरून ठरतात. मोजायची सुरुवात बदलली की सगळे आकडे बदलतात. केंटकीतल्याच पेनीराइल पार्कवेचा उत्तरेकडचा भाग आय-६९ मध्ये गेला, तेव्हा तिथले दोन आकडी एक्झिट नंबर तीन आकडी झाले. 'अमुक एक्झिटला उतरा' असं छापलेल्या प्रत्येक हॉटेलच्या जाहिरातीला घरघर लागली.

दुसरी गोष्ट, कायदा. इंटरस्टेटवर ट्रकच्या एकूण वजनाची केंद्रीय मर्यादा ८०,००० पौंड, म्हणजे साधारण ३६ टन आहे. राज्याच्या रस्त्यावर काही मालासाठी जास्त वजन चालायचं. पाटी बदलताच तोच ट्रक त्याच रस्त्यावर बेकायदा ठरला असता. म्हणून केंटकीतल्या अशा काही रस्त्यांसाठी अमेरिकन काँग्रेसला कायद्यात खास सवलत लिहावी लागली.

तिसरी गोष्ट, उद्योग. कारखान्यासाठी जागा शोधणाऱ्या कंपन्या 'इंटरस्टेट जवळ आहे का' हे आधी पाहतात. नकाशावर नुसतं पार्कवे लिहिलेलं गाव त्या यादीतून गळू शकतं. छोटी शहरं या नंबरासाठी वर्षानुवर्षं धडपडतात ती यासाठी.

आणि चौथी गोष्ट, आमच्यासारख्यांचा डेटा.

नंबर म्हणजे ओळखपत्र नाही, नाव आहे

आमची मूळ चूक काय होती? आम्ही रस्त्याचं नाव हीच त्याची ओळख धरली होती. लग्नानंतर कुणी नाव बदललं म्हणून बँकेत नवं माणूस म्हणून खातं उघडत नाहीत. खाते क्रमांक तोच, नाव बदलतं. रस्त्याचंही तसंच हवं. रस्त्याच्या तुकड्याला आतून एक कायमचा आयडी द्यायचा आणि नाव, नंबर, जुनं नाव, जुना नंबर हे सगळे त्याला चिकटवायचे. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये जुना नंबर नोंदवायला वेगळा टॅगच आहे. लोकांच्या तोंडी जुनं नाव वर्षानुवर्षं राहतं, म्हणून शोध दोन्ही नावांनी चालला पाहिजे.

मी त्या रात्री तेच केलं. पार्कवे खोडला नाही, त्याच्या शेजारी १६५ लिहिला. आणि १६५ टाईप केलं की '६५ नव्हे ना?' असा प्रश्न स्क्रीनवर येईल अशी सोय केली.

आपल्याकडे काय झालं?

आपल्याकडे हाच खेळ एका फटक्यात झाला. २०१० मध्ये भारतातल्या राष्ट्रीय महामार्गांना नवे नंबर मिळाले. आपला नियम अमेरिकेच्या बरोबर उलटा आहे: उत्तर-दक्षिण सम, पूर्वेकडून पश्चिमेकडे वाढणारे आणि पूर्व-पश्चिम विषम, उत्तरेकडून दक्षिणेकडे वाढणारे. त्यामुळे पुणे-सातारा-कोल्हापूरचा एनएच ४ झाला ४८ आणि पनवेलहून गोव्याकडे जाणारा १७ झाला ६६.

पण इथं दोन फरक लक्षात घ्या.

एक, आपल्याकडे नंबर बदलायला रस्ता सुधारायची अट नव्हती. ६६ हा फक्त पत्ता आहे, वचन नाही. कोकणात गणपतीला जाणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको!

दोन, जुने नंबर रिकामे राहिले नाहीत, ते दुसऱ्या रस्त्यांना दिले गेले. आज एनएच ४ अंदमानात आहे. मुंबई-आग्रा रस्त्याचा जुना ३ नंबर आता पंजाबातून मनालीमार्गे लेहला जातो. केंटकीत नंबर सापडला नाही, इथं चुकीचा सापडू शकतो. डेटाच्या दृष्टीनं हे जास्त धोकादायक, कारण 'सापडलं नाही' म्हटल्यावर माणूस निदान पुन्हा विचारतो.

तुमच्यासाठी कामाचं

रात्री हायवेवर गाडी बंद पडली किंवा अपघात झाला, तर नुसतं 'एनएच ४ वर आहे' म्हणू नका. हे चार तपशील द्या:

१. पाटीवरचा सध्याचा नंबर, आणि जोडीला 'पुणे-सातारा रोड' असं रोजचं नाव.
२. जवळच्या किलोमीटरच्या दगडावरचा आकडा. राष्ट्रीय महामार्गाच्या दगडाचा माथा पिवळा असतो.
३. कोणत्या शहराकडे तोंड करून जात होता. दुभाजक असेल तर यावरच ठरतं की मदतीची गाडी तुमच्या बाजूला येणार की पलीकडे.
४. मॅपमध्ये निळ्या ठिपक्यावर बोट दाबून धरलं की दिसणारे अक्षांश-रेखांश. नेट असेल तर लोकेशन शेअर करा, नसेल तर आकडे फोनवर वाचून दाखवा.

राष्ट्रीय महामार्गावरच्या मदतीसाठी १०३३ आणि कोणत्याही आणीबाणीसाठी ११२, हे दोन नंबर आजच सेव्ह करून ठेवा.

आणि पुढच्या प्रवासात घरातलं कोणी 'तो एनएच ४ गं' म्हणालं, तर लगेच चूक काढू नका. जुना नंबर त्यांच्या डोक्यात आहे, नवा तुमच्या फोनवर. रस्ता सापडायला दोन्ही लागतात.