मुलीला नौदलात अधिकारी व्हायचंय? मग दहावीतच ठरवा

ताईंनो, ग्रामसंघाच्या बैठकीत हा प्रश्न हल्ली नेहमी येतो : "पोरगी म्हणती फौजेत जायचं. गटातून कर्ज उचलून अकॅडमीत टाकू का?" उत्तराआधी एक फरक लक्षात घ्या. गावोगावच्या अकॅडमीत जास्त करून पोलीस आणि अग्निवीर भरतीची तयारी होते. अग्निवीरची नोकरी चार वर्षांची. अधिकारी होण्याची वाट वेगळी आहे आणि ती दहावीनंतर कोणते विषय घेतो, तिथूनच सुरू होते.

सुप्रीम कोर्टाच्या २०२१ च्या आदेशामुळे मुलींना एनडीएची परीक्षा देता येऊ लागली. मे २०२५ मध्ये पहिल्या तुकडीतल्या १७ मुली पुण्याजवळच्या खडकवासल्यातून प्रशिक्षण पूर्ण करून बाहेर पडल्या.

बारावीनंतर नौदलाचे दोन रस्ते आहेत :

१) एनडीए : यूपीएससीची परीक्षा वर्षातून दोनदा होते. गणित ३०० गुण, सामान्य क्षमता ६०० गुण. मुलींना अर्जाची फी नाही.

२) बी.टेक. कॅडेट एंट्री : भौतिक, रसायन, गणित मिळून किमान ७० टक्के, दहावी किंवा बारावीला इंग्रजीत ५० टक्के आणि जेईई मेनची रँक लागते. केरळातल्या एळिमला इथं चार वर्षं इंजिनिअरिंग होतं. शिक्षण, पुस्तकं, कपडे, जेवण सगळा खर्च नौदलाचा.

दोन्हीकडे वय साधारण साडेसोळा ते साडेएकोणीस. मुलगी अविवाहित हवी. आणि बारावीला भौतिक, रसायन, गणित हवंच. अकरावीला "गणित अवघड जातंय" म्हणून सोडलं की नौदलाचे हे दोन्ही रस्ते बंद. बारावी झाली की लग्न उरकलं तरी तेच.

लेखी परीक्षेनंतर पाच दिवसांची एसएसबी मुलाखत असते. तिथं पाठांतर चालत नाही. मुलगी चारचौघात बोलते का, अडचणीत मार्ग काढते का, हे बघतात. त्याची तयारी घरीच होते. गटाचं रजिस्टर लिहायला, बँकेत, ग्रामसभेत तिला सोबत न्या. रोज थोडं इंग्रजी बोलू द्या, पळू द्या. मुलाखतीला पहिल्यांदा जाताना रेल्वेचं तिकीट जपून ठेवा, नियमानुसार भाडं परत मिळतं.

मुलींसाठी नाशिकला शासनाची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था २०२३ पासून सुरू आहे. प्रवेश परीक्षा आणि मुलाखत देऊन तिथं अकरावीला प्रवेश मिळतो. दहावीत असतानाच अर्जाच्या जाहिरातीवर लक्ष ठेवा, डोमिसाईल दाखला काढून ठेवा. डोळेही आताच तपासून घ्या, कारण रंग ओळखण्यात दोष असेल तर निवड होत नाही. पोहता येत नाही म्हणून घाबरू नका, ते तिथं शिकवतात.

आता कर्जाचं. निवड पैसे भरून होत नाही. तसं सांगणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. कर्ज घ्यायचंच असेल तर आधी अकरावी-बारावीची एनसीईआरटीची पुस्तकं घ्या, एनडीएच्या जुन्या प्रश्नपत्रिका सोडवून घ्या, मग गरज वाटली तर क्लासचा विचार करा.

सगळ्याच मुली निवडल्या जात नाहीत, हे खरंय. पण गणित घेऊन केलेली बारावी वाया जात नाही, इंजिनिअरिंगचा रस्ता उघडाच राहतो.

पुढच्या बैठकीत आपल्या गावातल्या नववी-दहावीच्या मुलींची यादी करा. कुणाला काय व्हायचंय ते त्यांनाच विचारा. लग्नाची बोलणी त्यानंतर.