वर्षाचें बाळ आणि दोन रात्रींची सहल

घरांत तान्हें मूल आलें म्हणजे आपल्याकडे सहलीचा विषय आपोआप मागें पडतो. कोणीं तो काढलाच, तर "मूल अजून लहान आहे, पुढच्या वर्षीं पाहूं," या एका वाक्यानें तो मिटतो. पुढच्या वर्षीं मुलाच्या दाढा येत असतात, त्याच्या पुढच्या वर्षीं दुसऱ्या बाळंतपणाची चाहूल लागते, आणि मग शाळा सुरू होते. या अवधींत घरांतील पुरुष कामानिमित्त धुळें, नाशिक, सुरत करून येतात. वडील मंडळी पंढरपूर-काशी करून येतात. मात्र जिनें नऊ महिने मूल पोटांत आणि बारा महिने मांडीवर वागविलें, ती दोंडाईच्याच्या वेशीबाहेर पाऊल टाकीत नाहीं. टाकलेंच, तर माहेरीं किंवा डॉक्टरांकडे. वर्षाच्या बाळाला घेऊन एखादें थीम पार्क थोडक्या खर्चांत कसें पाहून यावें हा प्रस्तुत लेखाचा विषय असला, तरी ही सहल खरें पाहतां बाळाच्या आईची आहे, हें प्रारंभींच सांगितलेलें बरें.

थीम पार्क हा शब्द आतां इतका रुळला आहे कीं, त्यास संस्कृत प्रतिशब्द घडविण्याचा खटाटोप आम्ही करीत नाहीं. एखादें कथासूत्र धरून त्याभोंवतीं रचलेलीं दृश्यें, पाळणे, खेळ आणि उपाहारगृहें, असा हा प्रकार. अमेरिकेंत अ‍ॅनाहाइम येथें वॉल्ट डिस्ने यांनीं १७ जुलै १९५५ रोजीं डिस्नेलँड उघडलें, तेव्हांपासून ही कल्पना जगभर पसरली. आपल्याकडे गोराईस १९८९ सालीं एस्सेलवर्ल्ड सुरू झालें तें मुख्यतः पाळण्यांचें उद्यान. खोपोलीजवळ २०१३ सालीं इमॅजिका उघडलें, आणि मराठी घरांत थीम पार्क हा शब्द खऱ्या अर्थानें तेव्हां शिरला. पुढें शिर्डींत साईतीर्थ नांवाचें भक्तिविषयक पार्क झालें. दोंडाईच्याच्या कुटुंबानें विचार करावा असे हे दोनच पर्याय आम्हांस दिसतात.

निवड करण्यापूर्वीं बाळाची उंची मोजावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या कोष्टकाप्रमाणें बारा महिन्यांच्या मुलाची मध्यम उंची सुमारें ७६ सेंटिमीटर व मुलीची ७४ असते. थीम पार्कांतील मोठ्या पाळण्यांना अट घालतात ती उंचीचीच. अर्थात् बाळासाठीं म्हणून तेथें फारच थोडें असतें, आणि असलें तरी बाळाला त्याचें अगत्य नसतें. हत्तीच्या आकाराच्या विमानापेक्षां त्या विमानाखालीं पडलेली गिट्टी त्याला अधिक मोहक वाटते, आणि प्रचंड रोषणाईपेक्षां शेजारच्या बाकावरील दुसरें मूल. म्हणून "बाळाला काय दाखवावें" हा प्रश्नच सोडून द्यावा. बाळाला सुखानें कोठें ठेवतां येईल आणि मोठ्यांना काय पाहतां येईल, एवढेंच पाहावें.

या कसोटीस लावलें तर खोपोली मागें पडते. दोंडाईच्याहून तें अंतर चारशें किलोमीटरांच्या घरांत जातें. जाण्यांत एक आणि येण्यांत एक असे दोन सबंध दिवस मोडतात, आणि तेथील मुख्य मौज उंच व वेगवान पाळण्यांची. तीं पैशांची फेड पूर्ण करून घेण्याचीं ठिकाणें आहेत; सकाळीं आंत शिरावें तें दिवे लागल्यावर बाहेर पडावें. वर्षाच्या बाळासह असा दिवस काढणें कोणाच्याच हिताचें नाहीं. मूल पांच-सहा वर्षांचें झालें म्हणजे खोपोलीला अवश्य जावें.

शिर्डी सुमारें दोनशें किलोमीटर. धुळें, मालेगांव, मनमाड, येवलें, कोपरगांव असा सरळ रस्ता. साईतीर्थांत पाहण्याचे प्रकार बहुतेक बसून पाहण्याचे आहेत: 'तीर्थयात्रा' या फेरींत मंदिरांच्या प्रतिकृति दिसतात, 'द्वारकामाई'मध्यें यंत्रानें हालणारी व बोलणारी बाबांची मूर्ति आहे, आणि 'लंकादहन' हा पडद्यावरचा खेळ आहे. मामंजी-सासूबाईंना दर्शन घडतें, संस्थानचें प्रसादालय आणि भक्तनिवास असल्यामुळें जेवणाखाण्याचा व मुक्कामाचा खर्च आटोक्यांत राहतो, आणि पार्कापासून मुक्कामाची खोली जवळ असते. या शेवटच्या गोष्टीचें महत्त्व ज्यांनीं दुपारीं बारा वाजतां झोपेला आलेलें मूल खांद्यावर घेतलें आहे त्यांना विस्तारानें सांगणें नलगे. एक मात्र बजावून ठेवतों. लंकादहनासारख्या खेळांत अंधार असतो, आवाज मोठा असतो, आणि आसनेंही हालतात. तेथें बाळाला नेऊं नये. कोणीं "कांहीं होत नाहीं" म्हटलें तरी नेऊं नये.

दिवस निवडतांना पंचांग आणि कॅलेंडर दोन्ही जवळ ठेवावीं. गुरुवार, शनिवार, रविवार, रामनवमी, गुरुपौर्णिमा, दसरा आणि डिसेंबरचा अखेरचा आठवडा या वेळीं शिर्डींत गर्दी असते. फाल्गुन उजाडला कीं आपल्या खानदेशांत ऊन तापूं लागतें. तेव्हां पौष-माघांतील सोमवार ते बुधवार ही वेळ उत्तम. पार्काची साप्ताहिक सुटी कोणत्या वारीं आहे आणि बाळाचें खाणें आंत नेऊं देतात कीं नाहीं, या दोन गोष्टी आधीं दूरध्वनीवरून विचारून घ्याव्या. तिकीट आगाऊ काढावयाचें असेल तर तारीख बदलून मिळते का, हेंही विचारावें; कारण बाळाला ताप किंवा हगवण असेल तर बेत रद्द करणें हाच एक शहाणपणाचा मार्ग असतो. गोवर-रुबेलाची पहिली लस नऊ महिने पुरे झाल्यावर देतात; ती राहिली असेल तर गर्दींत जाण्यापूर्वीं ती आधीं उरकावी.

आतां मुख्य गोष्ट, म्हणजे बाळाचें घड्याळ. एक ते दोन वर्षांच्या मुलाला चोवीस तासांत, दिवसाच्या डुलक्या धरून, ११ ते १४ तास झोप हवी असें जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं सांगितलें आहे. सहलीच्या दिवशीं हा हिशेब आपण सर्रास मोडतों, आणि संध्याकाळीं मूल रडूं लागलें कीं दृष्ट लागली म्हणून मीठ-मोहऱ्या शोधूं लागतों. दृष्ट काढावयास आमची हरकत नाहीं. पण दुपारची झोप बुडाली असेल तर ती मोहऱ्यांनीं भरून येत नाहीं. म्हणून सोमवारीं सकाळीं न्हाऊ-माखू घालून, पोटभर खाऊं घालून निघावें. गाडीच्या हेलकाव्यानें पहिली झोप आपोआप होते. धुळ्याला गाडी बदलतांना अर्धा तास अधिक धरावा आणि मुलाला तेथें मोकळें रांगूं द्यावें. शिर्डीस पोंचल्यावर त्या दिवशीं कांहींही पाहूं नये. मंगळवारीं पार्क उघडतांच आंत जावें आणि बाळाच्या दुपारच्या झोपेपूर्वीं त्यानें तरी खोलीवर परतावें. बुधवारीं सकाळीं परतीची गाडी.

दुसऱ्या रात्रीचें भाडें वांचविण्यासाठीं मंगळवारीं दुपारींच निघण्याचा मोह पुष्कळांस होतो. पार्कांतून थकलेलें मूल घेऊन सहा तासांचा प्रवास करणें आणि रात्रीं उशीरां दोंडाईच्याच्या स्टँडवर उतरणें, ही काटकसर नव्हे. ज्या पैशाचा खरा उपयोग होतो तो या खोलीचाच.

वांचवावयाचे पैसे अन्यत्र आहेत. राज्य परिवहनाच्या गाडींत पांच वर्षांखालील मुलाला तिकीट नाहीं. १७ मार्च २०२३ पासून स्त्रियांना अर्धें तिकीट आहे. आणि २०२२ च्या ऑगस्टपासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना प्रवास विनामूल्य आहे. ६५ ते ७५ या वयांतील पुरुषांनाही अर्धें भाडें पडतें. समजा, मुलगा, सूनबाई, ६८ वर्षांच्या सासूबाई, ७६ वर्षांचे मामंजी आणि बाळ अशीं पांच माणसें निघालीं. मुलाचें एक तिकीट, दोघींचीं अर्धीं मिळून एक. म्हणजे पांच माणसें दोन तिकिटांत जातात. आरक्षणाचा आकार काय तो वेगळा. वयाचा दाखला जवळ असावा. मोटार भाड्यानें घेण्यांत सोय आहे हें खरें, परंतु या हिशेबापुढें ती सोय महाग पडते. रस्त्यांत फार थांबे घ्यावे लागणारें मूल असेल तरच मोटारीचा विचार करावा.

पार्काचीं तिकिटें हा खर्चाचा मोठा भाग. तीं सर्वांचीं काढलींच पाहिजेत असें नाहीं. एकत्र कुटुंबाची खरी श्रीमंती येथें उपयोगास येते. आजी-आजोबा बाळाला घेऊन तीन तास खोलीवर थांबले तर मुलगा आणि सून दोघेंही आंत जाऊं शकतात, आणि खर्च दोन तिकिटांचा होतो. वर्षाचें मूल वरचें खाणें खातें. मऊ भात, वरण आणि दूध मिळालें तर तेवढ्या वेळांत त्याचें कांहीं अडत नाहीं. तथापि सासूबाईंनाही लंकादहन पाहावयाचें असूं शकतें, आणि त्या तसें बोलून दाखविणार नाहींत. म्हणून कोण केव्हां बाळाजवळ थांबणार हें घरीं निघण्यापूर्वींच ठरावें.

परदेशांतील डिस्नेच्या पार्कांत यासाठीं सोय आहे. आई व वडील यांपैकीं एकजण बाळाजवळ थांबतो. दुसऱ्याचा पाळणा झाला कीं पहिल्याला पुन्हा सबंध रांग न लावतां आंत सोडतात. आपल्याकडे रांगेचा नियम नसला तरी पाळीचा नियम घरानें घालून घेतां येतो. अनुभव असा आहे कीं, आयत्या वेळीं "तुम्ही जाऊन या, मी बसतें बाळाजवळ," असें सूनबाईच म्हणते आणि सगळे तें पहिल्याच शब्दाला मान्य करतात. तिचा तो नकार बहुधा संकोचाचा असतो. सासूबाईंनीं आदल्या रात्रीं, सर्वांदेखत, "उद्यां सकाळीं बाळ माझ्याकडे," एवढें म्हटलें तर तो संकोच सुटतो. मुलाच्या वडिलांनीं तर मूल प्रत्यक्ष हातांत घ्यावें. लंगोट बदलणें, भरविणें, थोपटून निजविणें हीं कामें त्यांनीं निघण्यापूर्वीं पंधरा दिवस घरींच करून पाहावीं, बी. ए., बी. ई. झालेल्या गृहस्थाला तीं अशक्य नाहींत. नाहीं तर सूनबाई आंत जाईल खरी, पण तिचें अर्धें लक्ष खोलीच्या दाराकडे राहील.

सामानाबद्दल फार लिहिण्याचें कारण नाहीं. बायकांना तें ठाऊक असतें आणि पुरुष तें उचलण्यापुरतेंच पाहतात. एक जुनें सुती पातळ मात्र अवश्य घ्यावें. त्याची झोळी होते, अंथरूण होतें, उन्हांत आडोसा होतो, आणि अंगावर दूध पाजतांना पडदाही होतो. बाबागाडी न्यावी कीं नाहीं हा वाद आहे. शिर्डीच्या गर्दींत तिचा अडथळाच अधिक, असें आम्हांस वाटतें. मेतकूट, भाजलेल्या तांदुळाचें पीठ, नाचणीचें सत्त्व, उकळून गार केलेलें पाणी आणि थर्मासांत गरम पाणी एवढ्यावर दोन दिवस निभतात. जुलाब झाल्यास जीवनजलाची पुडी जवळ असावी. ती नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यांत चहाचे सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, असें प्रमाण. मीठ कधींही अंदाजानें टाकूं नये. पहांटेच्या थंडीसाठीं कुंची हवी. तीट गालावर लावावी, काजळ डोळ्यांत घालूं नये. पुष्कळ काजळांत शिसें सांपडतें. बाळाच्या झबल्याच्या खिशांत वडिलांचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी घालावी. शिर्डींत पाण्याचें उद्यानही आहे, पण वर्षाच्या मुलाचें अंग लवकर गारठतें, आणि तलावांतील औषधी पाणी तें गटागटा पितें. त्याला खोलीवर बादलींत बसवावें. आनंद तोच, खर्च नाहीं.

एवढें सारें एकदम अंगावर घेण्याचा धीर होत नसेल, तर दोंडाईच्याच्या लोकांना एक रंगीत तालीम घरबसल्या मिळते. मार्गशीर्षांत दत्तजयंतीला तापीकांठीं सारंगखेड्याची यात्रा भरते, ती पुढें कित्येक दिवस चालते. देशभरांतील घोडेवाले तेथें येतात. रेल्वेनें येणारे यात्रेकरू आपल्याच स्टेशनावर उतरतात. आपल्याला तेथें जावयास तासभरही नको. पाळणे, मिठाईचीं दुकानें, घोड्यांचा बाजार, गोंगाट आणि धूळ, सारें कांहीं तेथें आहे, आणि आपल्या आजोबा-पणजोबांनीं मुलें खांद्यावर घेऊन हें सारें पाहिलेंच होतें. पौर्णिमा टळल्यावर एखाद्या साध्या वारीं सकाळीं नऊच्या सुमारास बाळाला घेऊन जावें, घोड्यांपासून चार हात दूर राहावें, आणि नुसतें पाहावें. गोंगाटांत तें झोपतें का, परक्या जागीं खातें का, वडिलांच्या खांद्यावर रमतें का कीं आईलाच हांका मारतें, आणि किती तासांनीं कंटाळतें. किती वाजतां रडूं लागलें तो आंकडा घरीं आल्यावर, दुधाचा हिशेब लिहितों त्या कॅलेंडरच्या चौकोनांत टिपून ठेवावा. शिर्डीचा मंगळवार आंखतांना तोच लागतो.