मंगळवार ते सोमवार : जहांगीरच्या भाड्याच्या भिंती

मुंबईतील दृश्यकलेचा इतिहास पाहू गेल्यास संग्रहालयांतील कायम टांगलेल्या चित्रांपेक्षा, काही दिवसांत उतरवल्या जाणाऱ्या चित्रांचाच विचार अधिक करावा लागतो. कारण या शहरातील बहुतेक चित्रकार रसिकांसमोर प्रथम आले ते तात्पुरत्या प्रदर्शनांतून. १८८८ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे आर्ट सोसायटीच्या वार्षिक प्रदर्शनांनी ही प्रथा रुजवली, आणि त्यांतील पदकांना मोठी प्रतिष्ठा लाभली. अमृता शेरगिल यांना १९३७ मध्ये सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले होते. मात्र वार्षिक प्रदर्शनात एका चित्रकाराच्या वाट्याला फार तर दोन-चार चौकटी येतात, शिवाय निवड समितीची रुची आड येऊ शकते. स्वतःच्या कामाची सलग मांडणी करायची, तर स्वतंत्र भिंती हव्यात. प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपने १९४९ मध्ये आपले प्रदर्शन भरवले तेही रॅम्पार्ट रोवरील सोसायटीच्याच दालनात. या गटात सूझा, हुसेन आणि रझा होते.

सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून, त्यांच्या दिवंगत पुत्राच्या स्मरणार्थ, १९५२ मध्ये काळा घोडा परिसरात उभे राहिलेले जहांगीर कलादालन ही स्वतंत्र भिंतींच्या गरजेची पूर्ती होय. अणुशास्त्रज्ञ होमी भाभा आणि चित्रकार के. के. हेब्बर यांचा आग्रह त्यामागे होता. येथील व्यवस्था समजून घेण्याजोगी आहे. दालन चित्रांची दलाली करीत नाही, तर भिंती भाड्याने देते. चित्रकार अर्ज करतो, कामाचे नमुने पाहून त्याला आठवडा ठरवून दिला जातो, आणि तो आठवडा हाती येईपर्यंत कित्येक वर्षे उलटतात. परिणामी अर्ज करताना जी चित्रे दाखवली ती आणि प्रत्यक्षात लागतात ती, यांत चित्रकाराची सारी उमेदीची वर्षे उभी असू शकतात.

प्रदर्शनाचा आठवडा मंगळवारी सुरू होऊन सोमवारी संपतो. मांडणीचे काम वरवर हमालीचे वाटले, तरी त्यात बारकावे असतात : चित्रांचे मध्यबिंदू एका रेषेत यावेत म्हणून भिंतीवर दोरा ताणला जातो, भडक चित्राशेजारी मंद रंगांचे चित्र दबणार नाही याची काळजी घेतली जाते, आणि दारालगतच्या भिंतीवर कोणते चित्र लावायचे यावरून हमखास वाद होतो. विकल्या गेलेल्या चित्राखाली लाल टिकली चिकटवतात. पहिल्या दिवशीची पहिली टिकली पुष्कळदा स्नेह्यासोबत्यांची असते, हे जाणकारांना ठाऊक असते.

भिंती भाड्याच्या असल्यामुळे दर्जा समान राहत नाही, ही या व्यवस्थेवरील टीका रास्तच आहे. एका दालनात गंभीर काम असावे आणि शेजारी गणपती नि वाराणसीचे घाट यांची न संपणारी रांग लागावी, असे येथे सहज घडते. तथापि याच मोकळिकीमुळे गाजलेला कलावंत आणि जी. डी. आर्ट ही पदविका घेऊन नुकताच बाहेर पडलेला तरुण या दोघांनाही सारखाच आठवडा मिळतो. पावसाळ्यात कलाशाळांतून नुकतेच बाहेर पडलेल्यांसाठी ‘मान्सून शो’ भरवण्याची प्रथाही येथे आहे. तात्पुरतेपणा हाच विषय करून टाकण्याचे धैर्य मात्र हुसेन यांनीच दाखवले : १९९०च्या दशकाच्या आरंभी ‘श्वेतांबरी’ या मांडणीत त्यांनी दालन पांढऱ्या कापडाने वेढले आणि जमिनीवर वर्तमानपत्रांचे तुकडे पसरले, ज्यात विकत नेण्याजोगे चित्र नव्हतेच.

इमारतीबाहेरच्या पदपथावरही चित्रे मांडलेली असतात. आतले ‘समोवार’ हे उपाहारगृह १९६४ पासून २०१५ पर्यंत चालले, आणि प्रदर्शनांवरील खरे अभिप्राय दाराजवळच्या वहीपेक्षा तेथील टेबलांवरच अधिक मोकळेपणी दिले गेले.

सोमवारी सायंकाळी सात वाजता दालन बंद होते. टिकली लागलेली चित्रे बाजूला ठेवली जातात, उरलेली पाठीला पाठ लावून बांधली जातात आणि टेम्पोतून कल्याण-विरारच्या वाटेला लागतात.