जगायला जाणाऱ्या मुलांची वही

६ फेब्रुवारी २०१३ रोजी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात पालघरला झाली. तेव्हा पालघर हा ठाणे जिल्ह्यातला एक तालुका होता. त्याच वर्षीचा पावसाळा सरल्यावर मी फिजिओथेरपिस्ट म्हणून जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर जायला लागले.

या भागाचं नाव १९९२ मध्ये वावर-वांगणीच्या बालमृत्यूंमुळे राज्यभर झालं. तेव्हापासून इथल्या मुलांचं वजन सगळेच घेत आले, आणि ते घ्यायलाच हवं होतं. पण दीड वर्षाचं मूल मान धरत नाही, हाक मारली तर वळत नाही, हे वजनकाट्यावर दिसत नाही. नव्या कार्यक्रमाने ते बघायला घेतलं. दोन डॉक्टर, औषधनिर्माता आणि परिचारिका अशा पथकाची गाडी अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा जाणार होती. वाकडं पाऊल, दुभंगलेला ओठ, बहिरेपण, उशिरा होणारी वाढ असे तीस दोष-आजार त्यांच्या यादीत होते. माझ्याकडे मुलं यायला लागली ती या गाडीमुळे. त्याआधी ती घरात गोधडीवर पडून असायची. ‘जन्मलं तेव्हा रडलं नाही’, एवढंच आई सांगायची.

मुलं सापडायला लागली आणि पुढचा प्रश्न उभा राहिला. व्यायाम रोज करून घ्यायचे असतात. मी एका पाड्यावर महिन्यातून एकदा पोचायचे, पावसात तेवढंही जमायचं नाही. म्हणजे खरा उपचार आईच्या हातून व्हायचा होता.

एका वारली घरातली चार वर्षांची मुलगी आठवते. सेरेब्रल पाल्सी होती. आई तिला मांडीवर आडवी घेऊन पेज पाजायची आणि घोटागणिक ठसका लागायचा. व्यायाम नंतर, म्हटलं, आधी हिला बसवू. कुडाच्या भिंतीचा कोपरा धरला, दोन्ही बाजूंना पेंढा भरलेली पोती लावली, गुडघ्यांखाली गोधडीची गुंडाळी. हनुवटी जरा खाली. नाचणीची पेज थोडी दाट केली आणि लहान चमच्याने, एक घोट गिळून झाल्यावरच दुसरा. ठसका कमी झाला. पुढच्या खेपेला गेले तर आईने चुलीजवळ दहा चिंचोके ठेवलेले. पायाला एक ताण दिला की एक चिंचोका पलीकडे सरकवायचा. सगळे पलीकडे गेले की दुसरा पाय. हे मी शिकवलेलं नव्हतं. मी मात्र ते पुढे प्रत्येक पाड्यावर नेलं.

वाकड्या पावलांचं काम तसं सरळ वाटायचं. पॉन्सेटी पद्धतीत दर आठवड्याला पाऊल थोडं थोडं वळवून नवं प्लास्टर घालतात, साधारण पाच-सहा वेळा. बहुतेक बाळांची टाचेमागची शीर छोटासा छेद देऊन सैल करावी लागते. मग दांडीला जोडलेले बूट, पहिले तीन महिने दिवसाचे तेवीस तास आणि पुढे चारेक वर्षांचं होईपर्यंत झोपताना. प्लास्टरपर्यंत आमचं सगळं व्यवस्थित चालायचं. पण दिवाळी झाली की घरंच्या घरं भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर निघतात. इकडे त्याला ‘जगायला जाणं’ म्हणतात. काही जण शिमग्याला येऊन जातात, बाकीचे पावसाच्या तोंडावर परततात. २०१५ च्या जूनमध्ये असंच एक बाळ परत आलं, पाऊल पुन्हा आत वळलेलं. मी आईवर चिडले. ती हळूच म्हणाली, “ताई, बूट होळीच्या आधीच लहान झाले. कुणाला सांगू?” बाळाचा पाय वाढणार हे मला ठाऊक होतं. पुढच्या मापाचे बूट मीच दिले नव्हते. त्या दिवसाची लाज अजून गेलेली नाही.

मधल्या काळात बरंच बदललं. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा झाला. तरी जव्हारहून जिल्ह्याचं ठिकाण सत्तर किलोमीटरच्या वरच आहे. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस केले, त्यात स्वमग्नता आली, आदिवासी भागाला छळणारा सिकलसेलही आला. २०२१ मध्ये आमच्यासारख्या व्यावसायिकांसाठी वेगळा कायदा झाला. कागदावर हे सगळं मोलाचंच आहे. पण टाळेबंदीत एसटी थांबली, पुढे २०२१-२२ च्या संपात पुन्हा थांबली, तेव्हा मुलांचे व्यायाम टिकले ते चिंचोके सरकवणाऱ्या घरांतच. श्रवणयंत्रांचे हाल तर वेगळेच. पावसाळी दमटपणात यंत्र बिघडतं, त्याचा बटणासारखा सेल गावच्या दुकानात मिळत नाही, आणि मूल वाढलं की कानातला साचा सैल होऊन शिट्टी वाजते. मग ते यंत्र डब्यात जातं आणि मूल पुन्हा मुकं होतं. साचा नव्याने घेणारं माणूस तालुक्याच्या ठिकाणी तरी बसलं पाहिजे, असं मी प्रत्येक बैठकीत बोलत आले, अजूनही बोलते.

माझ्या वहीत आता पाड्याच्या नावापुढे आणखी एक रकाना आहे: भट्टी कुठली? नवरात्रापासून मी तो भरायला घेते. मुकादमाचा फोन नंबर, भट्टीजवळचं गाव, तिथल्या अंगणवाडीताईंचं नाव. बाळाबरोबर बुटांचे दोन जोड जातात, आत्ताचा आणि पुढच्या मापाचा. मोठ्या जोडाच्या पिशवीला लाल दोरा बांधलेला असतो. अंगठा पुढे टेकायला लागला की लाल दोरा सोडायचा, हे मी आईकडून निघण्याआधी दोनदा म्हणवून घेते.