प्रोग्रॅम हँग नाही, वाट पाहतोय!

फिफोच्या प्रॅक्टिकलला लॅबमध्ये हमखास ऐकू येणारं वाक्य म्हणजे, "सर, प्रोग्रॅम हँग झाला!" मग कंट्रोल-सी, पुन्हा कंपाइल, पुन्हा तेच. यातले बरेचसे प्रोग्रॅम बरोबर असतात, असं माझं मत आहे. कसं ते सांगतो.

साधा पाईप नात्यातल्या प्रोसेसपुरताच, म्हणजे फोर्कमधून जन्मलेल्या बाप-लेकांचा. दोन अनोळखी प्रोसेसना बोलायचं तर दोघांना ठाऊक असलेलं एक नाव लागतं. ते तयार करतं एमकेफिफो. त्याला पाथ आणि परवानग्या द्यायच्या. ०६६६ दिलं आणि युमास्क ०२२ असेल, तर हाती ०६४४ पडतं. लिनक्समध्ये एमकेफिफो हे लायब्ररी फंक्शन आहे. आतला खरा सिस्टीम कॉल एमकेनॉडचा. (तोंडीला उपयोगी पडेल!) एलएस -एल केलं की ओळीच्या सुरुवातीला 'पी' दिसतो आणि साइज शून्य, कारण डेटा डिस्कवर न जाता कर्नलच्या बफरमधून जातो.

आता 'हँग'चं बघू. एमकेफिफो लगेच परत येतं, थांबतो तो ओपन. वाचायला उघडलं, तर कुणीतरी लिहायला उघडेपर्यंत तो थांबतो; लिहिणाऱ्याचंही तसंच. दुसऱ्या टर्मिनलवर दुसरा प्रोग्रॅम चालवा, दोघेही पुढे सरकतील.

खरी गोची दोन फिफो असताना होते. एकानं वाक्यं पाठवायची, दुसऱ्यानं शब्द मोजून उत्तर द्यायचं. दोघांनीही आपापला वाचायचा फिफो आधी उघडला, तर दोघेही एकमेकांची वाट बघत कायमचे बसतात. हा मात्र खरा डेडलॉक! उपाय सोपा आहे : दोघांनी फिफो एकाच क्रमानं उघडायचे. पहिला फिफो एकानं लिहायला, दुसऱ्यानं वाचायला. मग दुसरा फिफो उलट.

आणखी तीन गोष्टी. दुसऱ्यांदा रन केल्यावर एमकेफिफो उणे एक देतं, कारण नाव आधीच असतं. म्हणून शेवटी अनलिंक करा. सगळे लिहिणारे गेले की बफर रिकामा झाल्यावर रीड शून्य देतो, तिथे लूप थांबवा. वाचणाराच गेला, तर राइट करताच सिगपाईप येतो आणि प्रोग्रॅम मरतो.

आणि हो, फॅट फॉरमॅटच्या पेनड्राइव्हवर फिफो बनत नाही. होम डिरेक्टरीत बनवा, नाहीतर बिचाऱ्या कोडला उगाच शिव्या बसतील!