रोगाआधी लस, म्हणून औषध कमी

पाळलेला मासा आजारी पडला, तर त्याला औषध द्यायचे कसे? खाद्यात मिसळून. पण आजारी मासा आधी खाणेच सोडतो. औषध जाते धडधाकट माशांच्या पोटात, उरलेले समुद्रात. समुद्रातल्या पिंजऱ्यांत सॅमन पाळणाऱ्या नॉर्वेने १९८० च्या दशकात हा अनुभव घेतला.

१९८५ मध्ये स्कॉटलंडहून आणलेल्या पिल्लांबरोबर ‘फ्युरन्क्युलॉसिस’ हा अंगावर गळवे आणणारा जिवाणूजन्य रोग तिथे पसरला. थंड पाण्यातला व्हिब्रिओसिस आधीपासून होताच. १९८७ मध्ये माशांसाठी वापरलेली प्रतिजैविके सुमारे ५० टनांवर गेली. तेव्हा माशांचे उत्पादन होते साधारण ५० हजार टन. म्हणजे टनभर माशांमागे जवळपास एक किलो औषध!

मग परिणामकारक लशी आल्या. पिल्लू समुद्रात सोडण्यापूर्वीच त्याला गुंगी देऊन पोटाच्या पोकळीत थेंबभर तेलयुक्त लस टोचतात. थंड पाण्यात माशाची प्रतिकारशक्ती सावकाश तयार होते, त्यामुळे काही आठवडे आधीच टोचावे लागते. लशीमुळे कधी पोटातले अवयव एकमेकांना चिकटतात, हा तिचा दोष. पण फायदा कितीतरी मोठा. १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत औषधांचा वापर एक-दोन टनांवर आला. आज उत्पादन दहा लाख टनांच्या पुढे गेले, तरी तो वाढलेला नाही. पिंजऱ्यांची जागा काही काळ मोकळी ठेवणे, स्वच्छता पाळणे याचाही त्यात वाटा आहे.

चिलीत मात्र चित्र वेगळे आहे. तिथला मुख्य जिवाणू माशाच्या पेशींत दडून बसतो, त्यावरच्या लशी पुरेशा टिकत नाहीत. परिणामी तिथे वर्षाला शेकडो टन प्रतिजैविके लागतात.

आम्हा डॉक्टरांना यात रस असण्याचे कारण साधे आहे. औषध जितके जास्त वापरावे, तितके जिवाणू त्याला सरावतात, मग तो मासा असो की माणूस. टायफॉइडचे जिवाणू असेच एकेका गोळीला दाद देईनासे झाले आहेत. म्हणूनच २०१८ मध्ये नवी मुंबई महापालिकेने मुलांना टायफॉइडची नवी लस देण्याची मोहीम घेतली. जो ताप आलाच नाही, त्याला प्रतिजैविक लागत नाही.

घरात लहान मूल असेल, तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना या लशीबद्दल जरूर विचारा. ताप आल्यावर कपाटातली उरलेली गोळी शोधण्यापेक्षा ते केव्हाही बरे.